पाच जागांऐवजी पाच कामं: बास्केटबॉल संघातल्या भूमिका एका हंगामात कशा बदलायच्या

शाळा-कॉलेजच्या बऱ्याच संघांत खेळाडूची जागा आजही उंचीवरून ठरते. सगळ्यात उंच मुलगा सेंटर, त्याला रिंगखाली उभं करायचं. बुटका पण चपळ तो पॉइंट गार्ड, बॉल कायम त्याच्याकडे. उरलेले तिघं मधल्या जागांवर. एके काळी ही वाटणी योग्यच होती, कारण तेव्हाचे नियम आणि तेव्हाच्या रेषा तिला धरून होत्या. आता दोन्ही बदलले आहेत. जुन्या वाटणीचा संघ साधारण १२ आठवड्यांत नव्या रचनेत आणता येतो, पण पायऱ्यांचा क्रम मोडून चालत नाही: आधी मोजणी, मग कामांची वाटणी, मग मैदानावरची मोकळी जागा, मग उंच खेळाडूचं शिक्षण, आणि चौथ्या आठवड्यापासून या सगळ्याच्या जोडीने बचाव. आक्रमण नवं आणि बचाव जुना असा संघ सामन्याच्या तिसऱ्या क्वार्टरपर्यंतही तग धरत नाही.

भूमिका कशामुळे सरकल्या

नोव्हेंबर १९५० मध्ये एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असं हरवलं. लेकर्सकडे ६ फूट १० इंचांचा जॉर्ज मायकन होता. त्याच्या हाती बॉल लागू नये म्हणून पिस्टन्सचे खेळाडू बॉल धरून उभे राहिले. असल्या खेळाला आळा घालायला १९५४-५५ च्या हंगामात २४ सेकंदांचं घड्याळ आलं, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट घ्यायलाच हवा. त्याआधीच, १९५१ मध्ये, मायकनमुळे पेंटची (रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्याची, जिथे आक्रमकाला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही) रुंदी ६ फुटांवरून १२ फूट झाली होती. आणखी एक उंच सेंटर विल्ट चेंबरलेन याच्या काळात, १९६४ मध्ये, ती १६ फूट झाली. प्रत्येक वेळी उंच माणूस रिंगपासून थोडा आणखी लांब ढकलला गेला.

मोठा बदल १९७९-८० च्या हंगामात आला. एनबीएने तीन गुणांची रेषा आखली. पहिल्या वर्षी एक संघ सामन्यात सरासरी तीन शॉटही तिथून घेत नव्हता. २०२४-२५ मध्ये हा आकडा ३७ च्या पुढे गेला होता. मधल्या काळात दोन नियमांनी याला वेग दिला. २००१-०२ पासून झोन डिफेन्सला (माणसाऐवजी जागा राखणाऱ्या बचावाला) मुभा मिळाली, त्यामुळे पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, बॉल घेऊन पाठीने ढकलत राहणाऱ्या सेंटरभोवती गर्दी करणं सोपं झालं. २००४-०५ पासून बॉल असलेल्या गार्डला हाताने अडवण्यावर कडक फाउल लागू लागले. त्याच हंगामात गार्ड स्टीव्ह नॅश फिनिक्सच्या संघात आला, प्रशिक्षक माइक डँटोनींनी खेळाचा वेग वाढवला आणि संघाने ६२ सामने जिंकले. २०१५ च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेटचा संघ १-२ ने मागे असताना प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सात फुटी अँड्र्यू बोगटला बसवून आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीच्या पाचांत घेतलं. साडेसहा फुटांचा ड्रेमंड ग्रीन सेंटरची कामं करू लागला. पुढचे तिन्ही सामने त्यांनी जिंकले.

आपल्याकडच्या स्पर्धा मात्र फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी होतात, आणि एनबीएचे व्हिडिओ पाहून संघ बांधणारे नेमके इथे फसतात. फिबात तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर आहे, कोपऱ्यात ६.६० मीटरवर. पेंट ४.९ मीटर रुंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बचाव करणाऱ्याला पेंटमध्ये तीन सेकंदांची मर्यादा नाही. एनबीएत आहे. म्हणजे तुमचा एखादा खेळाडू कोपऱ्यात उभा आहे पण त्याचा शॉट पडत नाही, तर त्याचा डिफेंडर त्याला सोडून खुशाल रिंगखाली ठाण मांडून बसेल. पाच जण बाहेर काढले म्हणून पेंट मोकळा होत नाही. बाहेरच्याच्या शॉटची समोरच्याला धास्ती असेल तरच होतो.

पायरी १: मोजा (पहिले दोन आठवडे)

वहीत अर्ध्या मैदानाचं चित्र काढा आणि त्याचे चार भाग करा: रिंगलगत, पेंटचा उरलेला भाग, पेंट ते तीनची रेषा, रेषेबाहेर. बाकावरच्या दोघांना बसवा. एकाने शॉट नोंदवायचे, गेला तर टिंब, चुकला तर फुली, बाजूला जर्सी नंबर. दुसऱ्याने टर्नओव्हर (शॉटआधीच गमावलेला बॉल), आक्रमणातले रिबाउंड (आपल्याच चुकलेल्या शॉटनंतर परत मिळवलेला बॉल) आणि फ्री थ्रो. निदान पाच सामने नोंदवा, सराव सामने धरले तरी चालेल. एका सामन्यातले २५-३० शॉट म्हणजे नशिबाचा भाग फार.

मग प्रत्येक भागातून एका शॉटमागे किती गुण मिळाले ते काढा. रिंगलगत १० पैकी ६ गेले तर १.२. मधल्या पट्ट्यातून १० पैकी ३.५ तर ०.७. रेषेबाहेरून १० पैकी ३ तर ०.९. म्हणजे तीनचा ३० टक्के शॉट हा दोनच्या ४५ टक्के शॉटइतकाच मोलाचा. पण तुमचा संघ बाहेरून २० टक्केच मारत असेल तर तो शॉट ०.६ चा झाला, मधल्या पट्ट्यापेक्षाही वाईट. दोन फ्री थ्रो ६० टक्क्यांनी मारणाऱ्याला मिळाले तर १.२. सतरा वर्षांखालच्या बहुतेक संघांना हा हिशेब एकच गोष्ट सांगतो: आधी ले-अप आणि फ्री थ्रो वाढवा, मधला पट्टा कमी करा, तीनचा शॉट ज्यांना येतो त्यांच्यावरच सोपवा.

संघाने एकूण किती वेळा आक्रमण केलं ते काढायला घेतलेले शॉट, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोंची संख्या गुणिले ०.४४, वजा आक्रमणातले रिबाउंड. एकूण गुणांना या आकड्याने भागा, म्हणजे एका आक्रमणामागचे गुण मिळतात. हाच आकडा हंगामाच्या शेवटी पुन्हा काढायचा आहे, तेव्हा वही जपून ठेवा.

पायरी २: जागा विसरा, कामं वाटा

मैदानावरच्या पाच जणांत मिळून पुढची कामं झाली पाहिजेत. कोण करतो याला उंचीचं बंधन नाही. १९८० च्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात लेकर्सचा सेंटर करीम अब्दुल-जब्बार जायबंदी असताना मॅजिक जॉन्सन हा पॉइंट गार्ड सेंटरच्या जागी उतरला आणि त्याने ४२ गुण, १५ रिबाउंड, ७ असिस्ट (साथीदाराला गुण करून देणारे पास) केले. आजचा निकोला योकिच सेंटर असूनही डेन्व्हरचं आक्रमण त्याच्या पासमधून चालतं.

दबावाखाली बॉल पुढे आणणं हे पहिलं काम. चाचणी सोपी आहे: एका विरुद्ध दोन डिफेंडर, पूर्ण मैदान, आठ सेकंदांत मध्यरेषा पार करायची, दहा वेळा. सात वेळा जमलं तर तो खेळाडू या कामाचा. असे दोघं तरी हवेत, कारण एकटाच असला की समोरचा संघ त्याला दोघांनी घेरतो आणि तुमचं आक्रमण मध्यरेषेवरच संपतं.

दुसरं, एकास एक असताना आत घुसणं. गुण झाला की नाही ते पाहू नका. डिफेंडरला मागे टाकून पाय पेंटमध्ये पडला का, एवढंच मोजा. तिसरं, बाहेरून शॉट. पाच ठिकाणांहून प्रत्येकी दहा, पळत येऊन पास घेऊन मारायचे. ५० पैकी २० गेले तर त्याला सामन्यात मुभा द्या. सामन्यात हा आकडा खाली येतोच, म्हणून सरावातली पट्टी वर ठेवायची. चौथं, स्क्रीन (डिफेंडरच्या वाटेत उभं राहून साथीदाराला मोकळं करणं) लावून आत वळणं आणि तिथून पास देणं. पाचवं, रिंगचं रक्षण आणि रिबाउंड. आणि एक सहावं काम, ज्याची नोंद कुणी ठेवत नाही: समोरच्या संघाच्या सर्वोत्तम ड्रिबलरला चाळीस मिनिटं त्रास देणं. त्याला गुण मिळत नाहीत, टाळ्याही नाहीत. अशा खेळाडूचं काम मोजून त्याला दाखवलं नाही तर दोन महिन्यांत तोही शॉट मारत सुटतो.

चाचण्या झाल्या की प्रत्येकाला एका कार्डावर लिहून द्या: तीन गोष्टी करायच्या, एक करायची नाही. उदाहरणार्थ, ‘स्क्रीन लाव, आत वळ, दर शॉटला बॉक्स आउट कर, तीनच्या रेषेबाहेर ड्रिबल करू नको.’ (बॉक्स आउट म्हणजे समोरच्याला पाठीने रिंगपासून दूर ठेवणं.) तोंडी सांगितलेली भूमिका पहिल्या पराभवानंतर विसरली जाते.

चौदा वर्षांखालच्या मुलामुलींना मात्र असं कार्ड देऊ नका. तेराव्या वर्षी वर्गात सगळ्यात उंच असलेला मुलगा सोळाव्या वर्षी सरासरी उंचीचा ठरू शकतो आणि तोवर त्याने ड्रिबल केलेलाच नसतो. उलटही घडतं. एनबीएचा अँथनी डेव्हिस शाळेत गार्ड होता, मग सुमारे आठ इंच वाढला. आज इतक्या उंचीचा माणूस बॉल हाताळतो याचं मूळ तिथे आहे. या वयात सगळ्यांनी सगळ्या जागा खेळायच्या, दर आठवड्याला आलटून-पालटून.

पायरी ३: मोकळी जागा (तिसरा ते सहावा आठवडा)

खडूने पाच खुणा करा: दोन कोपरे, दोन विंग (कोपरा आणि मध्य यांच्या मधल्या जागा), एक मधोमध. खूण रेषेच्या अर्धा मीटर मागे हवी, म्हणजे खेळाडू पास घेताना पुढे येत घेतो. कोपऱ्यात हे जमत नाही. तिथे तीनची रेषा आणि बाजूची रेषा यांत फक्त ९० सेंटीमीटर असतात. म्हणून कोपऱ्यातल्या खेळाडूने पाय आधीच लावून, टाचा आत ठेवून उभं राहायचं. बॉल आल्यावर मागे पाऊल टाकण्याची सवय असलेले खेळाडू सामन्यात दोन-तीन वेळा हमखास बाहेर जातात. दोघांमध्ये साडेचार ते पाच मीटर अंतर ठेवा, म्हणजे एका डिफेंडरला दोघांवर लक्ष ठेवता येत नाही.

नियम तीनच शिकवा. पास दिला की रिंगकडे कट मारायचा. रिकामी झालेली जागा शेजारच्याने भरायची. कुणी ड्रिबल करत तुमच्याकडे आला तर तुम्ही त्याच्यापासून लांब सरकायचं किंवा डिफेंडरच्या पाठीमागून रिंगकडे जायचं. पहिले आठ दिवस डिफेन्सशिवाय, मग डिफेंडरचे हात पाठीमागे ठेवून, मग पूर्ण. हमखास होणारी चूक अशी: कट मारणारा पास मिळाला नाही म्हणून पेंटमध्येच रेंगाळतो. मग तीन सेकंदांची शिट्टी वाजते, किंवा त्याचा डिफेंडर आयताच मदतीला उभा राहतो. त्याला सांगा, रिंगखालून निघून समोरच्या कोपऱ्यात जायचं, थांबायचं नाही.

शूट न येणाऱ्याला कोपऱ्यात ठेवू नका. त्याची जागा बेसलाइनजवळ (रिंगमागच्या रेषेजवळ), पेंटच्या बाहेर एक पाऊल, बोर्डच्या किंचित मागे. तिथे तो डिफेंडरच्या पाठीमागे राहतो. गार्ड आत घुसला आणि डिफेंडर वर गेला की एक छोटा पास आणि सोपा ले-अप.

समोर २-३ झोन (पुढे दोन, मागे तीन डिफेंडर) आला तर, आणि शालेय स्पर्धांत तो येतोच, फ्री थ्रो रेषेच्या मध्यावर संघातला सर्वोत्तम पास देणारा उभा करा. सवयीने तिथे सगळ्यात उंच खेळाडू पाठवला जातो. त्याला बॉल मिळतो, पण पुढे काय करायचं ते दिसत नाही आणि तीन हात त्याच्या बॉलवर पडतात.

पायरी ४: उंच खेळाडूला घडवणं (पाचवा ते दहावा आठवडा)

संपूर्ण बदलाचं यश इथे ठरतं, म्हणून दर सरावात यासाठी २५ मिनिटं राखून ठेवा. ब्रूक लोपेझने पहिल्या आठ हंगामांत मिळून तीनचे ३१ शॉट घेतले होते आणि ३ टाकले होते. २०१६-१७ या एका हंगामात त्याने १३४ टाकले. सात फुटांचा, तिशीच्या उंबरठ्यावरचा सेंटर हे शिकू शकतो, तर सोळा वर्षांचा मुलगा नक्कीच शिकेल. पण सुरुवात शॉटपासून करायची नाही.

पहिल्यांदा एल्बोवर, म्हणजे फ्री थ्रो रेषेच्या टोकाला, बॉल घेऊन रिंगकडे तोंड करणं. दोन्ही पायांवर एकदम थांबायला शिकवा, म्हणजे कुठलाही पाय पिव्हट (जागेवर टेकवून भोवती वळण्याचा पाय) म्हणून वापरता येतो. बॉल हनुवटीखाली, कोपरं बाहेर. उंच मुलांची जुनी सवय बॉल कमरेपर्यंत खाली आणण्याची असते आणि तिथेच बुटका गार्ड तो काढून घेतो. दर सरावात दोन्ही एल्बोंवर वीस-वीस वेळा. बॉल हनुवटीखाली उतरला की ती खेप मोजायची नाही.

मग हँडऑफ, म्हणजे हातातून हातात बॉल देणं. उंच खेळाडू स्थिर उभा, एक हात बॉलखाली, एक वर. गार्ड जवळून जाताना वरचा हात सुटतो आणि गार्ड बॉल स्वतः उचलतो. त्याच्याकडे ढकलायचा नाही. गार्डचा खांदा उंच खेळाडूच्या कमरेला घासून गेला पाहिजे. मध्ये एक फूट जरी फट राहिली तरी डिफेंडर तिथून निसटतो. आणि गार्ड पुढे जाईपर्यंत उंच खेळाडूने कंबर किंवा गुडघा बाहेर काढायचा नाही, नाहीतर आक्रमक फाउल. हे फाउल सुरुवातीला खूप होतात. कारण बहुतेकदा गार्डचं लवकर निघणं असतं: स्क्रीन स्थिर होण्याआधी तो धावतो आणि मोठा त्याला गाठायला सरकतो. तेव्हा ओरडा उंच मुलाला देऊ नका, गार्डला थांबायला शिकवा.

तिसरी पायरी आहे पिक अँड रोलमध्ये (स्क्रीन लावून रिंगकडे वळण्याच्या चालीत) अर्ध्यावर पास घेऊन निर्णय घेणं. सराव असा: उंच खेळाडू स्क्रीन लावून वळतो आणि फ्री थ्रो रेषेपाशी बाउन्स पास घेतो. दोन शूटर दोन कोपऱ्यांत. डिफेंडर दोनच, एक पेंटमध्ये आणि एक कोपऱ्यात. पेंटमधला वर आला तर पास मोकळ्या कोपऱ्यात. तो जागेवर राहिला तर एक ड्रिबल आणि ले-अप. एकापेक्षा जास्त ड्रिबल झाला की बॉल डिफेन्सला. दोन्ही बाजूंनी आठ-आठ खेपा. पहिल्या आठवड्यात टर्नओव्हर वाढतील, वाढू द्या. ड्रेमंड ग्रीनचं गोल्डन स्टेटमधलं मोल याच एका पासात होतं: संघाचा शूटर स्टीफन करीला दोघांनी घेरलं की बॉल त्याच्याकडे, आणि पुढे चारास तीन.

शॉट सगळ्यात शेवटी. चार मीटरवरून सुरू करा. २५ पैकी १५ गेले की अर्धा मीटर मागे, तोवर नाही. हंगाम संपेपर्यंत तो साडेपाच मीटरलाच पोचला तरी हरकत नाही. घाईत रेषेबाहेर नेलेला मुलगा बॉल खांद्यावरून फेकायला लागतो आणि ती ढब मोडायला पुढे वर्ष जातं.

पायरी ५: बचाव (चौथ्या आठवड्यापासून अखेरपर्यंत)

उंच खेळाडू बाहेर गेला की तीन ठिकाणी भोक पडतं.

एक, परतणं. पाच जण बाहेर पसरलेले असताना कोपऱ्यातून शॉट चुकला तर शूटर स्वतःच्या रिंगपासून सगळ्यात लांब असतो आणि समोरचा संघ पळत सुटतो. म्हणून शॉट हातातून सुटताक्षणी मधोमध असलेला खेळाडू मागे वळतो, शॉटच्या विरुद्ध विंगवरचा मध्यरेषेपर्यंत येतो, उरलेले तिघं रिबाउंडला. कोण मागे जाणार हे जागेवरून ठरवा, नावावरून नाही, कारण जागा सतत बदलत असतात.

दोन, रिबाउंड. तीनचे चुकलेले शॉट लांब उडतात. रिंगखालचा उंच मुलगा हात वर करून उभा राहतो आणि बॉल त्याच्या डोक्यावरून एल्बोकडे जातो. त्यामुळे पाचही जणांनी बॉक्स आउट करायचं आणि लांबचे बॉल गार्डनी उचलायचे. सरावात असा नियम ठेवा: समोरच्याला आक्रमणातला रिबाउंड मिळाला तर त्यांना एक गुण, मग शॉट जावो वा न जावो.

तीन, स्क्रीनवरचा बचाव, आणि इथे तुमच्या उंच खेळाडूचे पाय पाहून निवड करा. तो संथ असेल तर त्याने मागे, पेंटच्या वरच्या कडेला थांबायचं आणि गार्डने स्क्रीनवरून ड्रिबलरच्या मागे लागून यायचं. मधल्या पट्ट्यातला शॉट समोरच्याला द्या, मोजणीत पाहिलंच की तो स्वस्त असतो. त्याचे पाय चपळ असतील तर एक-दोन पावलं बाहेर येऊन ड्रिबलरला वळवायचं आणि परतायचं. पाचही जण जवळपास सारख्या उंचीचे असतील तर स्विच, म्हणजे माणसांची अदलाबदल. स्विचमध्ये मोठ्याने ‘स्विच’ म्हणणं मोठ्या खेळाडूचं काम, कारण त्याला स्क्रीन समोर दिसते. पुढचा धोका उघड आहे: तुमचा छोटा गार्ड त्यांच्या उंच माणसावर अडकतो. त्याने मागे न राहता पुढे येऊन पास अडवायचा, आणि विरुद्ध बाजूच्या खेळाडूने वरून येणाऱ्या लांब पासवर तयार राहायचं. हे दोघांनी एकत्र केलं नाही तर स्विच करू नका.

कोपऱ्यातल्या शूटरकडे धावताना दोन तृतीयांश अंतर पूर्ण वेगाने, उरलेलं छोट्या पावलांनी, एक हात वर. वेगातच गेलेला डिफेंडर एका फसवणुकीत हवेत जातो.

पायरी ६: हंगामात कधी बदलायचं, कधी थांबायचं

दर पाच सामन्यांनी पहिल्या पायरीचा हिशेब पुन्हा करा. बाहेरचे शॉट वाढले पण गुण वाढले नाहीत तर आधी कोण मारतंय ते पाहा. बहुधा कार्डावर मुभा नसलेले दोघं मारत असतात. सगळं बरोबर असूनही एखाद्या दिवशी बॉल जात नाही, त्याचीही तयारी हवी. २०१८ मध्ये एनबीएच्या वेस्टर्न कॉन्फरन्स (पश्चिम गट) अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात ह्यूस्टनने तीनचे सलग २७ शॉट चुकवले, एकूण ४४ पैकी ७ टाकले आणि सामना १०१-९२ असा गमावला. तुमच्या संघाचे सलग सहा-सात बाहेरचे शॉट चुकले तर पुढची तीन आक्रमणं पेंटमध्ये पाय टाकूनच संपवायची, हे आधीच ठरवून ठेवा. फाउल मिळतात, घड्याळ थांबतं, खेळाडूंना श्वास मिळतो.

उंचीचं मोल संपलं असं समजू नका. रूडी गोबेअर आणि कार्ल-अँथनी टाउन्स या दोन उंच खेळाडूंना एकत्र खेळवून मिनेसोटा २०२४ मध्ये वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम मालिकेपर्यंत पोचला. त्यांचं जमलं, कारण त्यांतला एक बाहेरून शूट करणारा होता. तुमच्या वहीत समोरचे संघ स्वतःच्या चुकलेल्या शॉटपैकी एक तृतीयांशाहून जास्त बॉल परत मिळवत असल्याचं दिसलं, तर दुसरा उंच खेळाडू दुसऱ्या क्वार्टरमध्ये पाच-सहा मिनिटं उतरवून पाहा. आक्रमणात दोघांपैकी ज्याचा पास चांगला त्याला एल्बोवर ठेवा, दुसऱ्याला बेसलाइनजवळ, आणि ती मिनिटं वहीत वेगळ्या रंगाने नोंदवा.